लाइनीचा आकडा

आमच्या लाइनीत कोणी विचारलं, "महिन्याचं काय मिळतं?" तर खरं सांगायचं नाही, असा नियम होता. मनचं काही ठोकून द्यायचं नाही, असाही नियम होता. लाइनीचा आकडा सांगायचा.

लाइन म्हणजे परदेशीपुऱ्यात मिलच्या मागे समोरासमोर घरांची एक गल्ली. सगळे मिलवाले. मी साचेखात्यात होतो, कापड विणायचे दोन साचे चालवायचो. शाळा चौथीपर्यंत, पण मराठी शाळा, त्यामुळे वाचता लिहिता येतं आणि सही अशी करतो की बाबू लोक वर बघतात. तर त्या काळी लाइनीतल्या एका घरी मुलगा बघायला खंडव्याचे पाहुणे आले. मुलगा बदलीवर होता. म्हणजे कोणी गैरहजर राहिला तरच त्याला काम. मुलीच्या मामाने तंबाखू मळता मळता शेजाऱ्याला विचारलं, मिलमध्ये काय पडतं हातात? शेजारी भोळा, त्याने आपला पगार सांगितला. मग मुलाला विचारलं. त्याचा निम्मा निघाला. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच.

त्या दिवसापासून ठरलं की बाहेरच्याने विचारलं तर लाइनीत सगळ्यांचा पगार एक. बदलीवाला असो की कामगारांवरचा जॉबर असो. जॉबरला त्यात थोडा कमीपणा होता, तो त्याने सोसला. दरवर्षी रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून आम्ही रंगात भिजलेले परत यायचो, आणि ओट्यावर बसून म्हातारी माणसं नवा आकडा ठरवायची. "यंदा किती?" "धरा शंभर वाढवून." झालं. पुढच्या रंगपंचमीपर्यंत तोच.

मिल बंद पडली तरी आकडा बंद पडला नाही. उलट मिल चालू होती तेव्हापेक्षा तो भराभर वाढला. कोणी चौकीदार झाला, कोणी सियागंजच्या बाजारात पोती वाहू लागला, कोणी नुसताच बसला, पण आकडा सगळ्यांचा एक. आता ओट्यावरच्या म्हाताऱ्यांत मीच मोठा. शेवटचा आकडा माझ्याच तोंडून निघाला. अठरा हजार. कोणी नाही म्हटलं नाही.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझं नेमकं काय चुकलं ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

मी पार्सलं वाटतो. वय सदुसष्ट. पाटनीपुऱ्याजवळ एका शटरमध्ये गोदाम आहे, तिथून पिशवी भरून घ्यायची, सायकलला बांधायची आणि फोन सांगेल त्या घरी नेऊन द्यायची. फोन देवासला दिलेल्या आमच्या मुलीने दिला, तिचा जुना. एक पार्सल पोचलं की चौदा रुपये. घरी कोणी नसलं, कुत्रं मोकळं असलं, पत्ता खोटा असला, तर काही नाही. पण मला नंदानगरपासून क्लर्क कॉलनीपर्यंत एक गल्ली अशी नाही की जी माहीत नाही. मोटरसायकलवाले तरणे फोनकडे बघत गोल गोल फिरतात, तेवढ्यात मी दोन घरं करतो. कंपनीने लाल टी-शर्ट दिला आहे. गोदाम सांभाळणारा पहिल्या दिवशी म्हणाला, "दादा, इस उमर में?" मी म्हटलं, "उमर पार्सल पे लिखी है क्या?" तो हसला आणि टी-शर्ट दिला.

घरात आम्ही दोघंच, मी आणि ही. राशनच्या दुकानातून गहू-तांदूळ मिळतात, त्याला एक पर्ची असते, पात्रता पर्ची म्हणतात. त्या पर्चीच्या आधारावर हिचं आणि माझं इलाजाचं कार्ड बनलेलं. पर्ची आहे तर कार्ड आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं धान्य वेगळं आणि दवाखाना वेगळा. घरात कोणती गोष्ट कोणत्या खुंटीला टांगली आहे हे बायकांना माहीत असतं, आणि मी हिला विचारत नव्हतो.

गेल्या साली लाइनीत एक सर्वेवाली मुलगी आली. हातात टॅबलेट. कडुनिंबाखाली आम्हीच तिला खुर्ची दिली, समोरच्याने पाणी दिलं. समोरचा म्हणजे माझ्या दारासमोर राहतो तो, माझ्याच खात्यातला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आता एका शोरूमवर चौकीदार आहे. मुलगी एकेका घराला बोलवत होती. मी नेमका जेवायला आलो होतो, अंगात लाल टी-शर्ट, सायकल हातात. ओट्यावर सगळी लाइन बसलेली.

"अंकल, काम क्या करते हो?"

"कंपनी में।"

"महीने का कितना मिल जाता है?"

बाहेरची होती. विचारलं. मी सांगितलं.

"अठारा हजार।"

मुलीने वर बघितलं. "पक्का?"

"तुमको कच्चा लग रहा है?"

ओट्यावर कोणी हसलं. समोरचा कान खाजवत होता. मुलीने बोटाने काहीतरी दाबलं, मी सायकल भिंतीला लावली, आत जाऊन वरण-भात जेवलो. हिने विचारलं, काय विचारत होती? मी म्हटलं, नेहमीचंच.

महिना-दोन महिने काही नाही. मग एक दिवस राशनवाल्याने मशीनवर माझा अंगठा घेतला, बघितलं, परत घेतला, आणि म्हणाला, "बाबूजी, आपकी पर्ची बंद दिखा रही है।" मी म्हटलं, बंद तर बंद, गहू काय बाजारात मिळत नाही? आणि रिकामी पिशवी घडी करून तशीच घरी आणली.  हिने पिशवी घेतली आणि खिळ्याला लावली.

त्याच आठवड्यात हिच्या पोटात दुखायला लागलं. आधी थोडं दुखत होतंच, ती ओवा खाऊन ढकलायची. आता दुखलं ते असं की पोळी तव्यावर जळली आणि ती भिंतीला टेकून बसली. डॉक्टरने फोटो काढला. पित्ताच्या पिशवीत खडे. ऑपरेशन करा, लांबवू नका, पिशवी पिकली तर अवघड. तारीख दिली तीन आठवड्यांनंतरची. काउंटरवरच्या बाईने कार्ड मागितलं, मशीनमध्ये घातलं आणि परत दिलं.

"अपात्र बता रहा है, अंकल। पर्ची बंद है न आपकी? वो चालू करवा लो, ये अपने आप चालू हो जाएगा। नहीं तो साठ हजार के आसपास लगेंगे।"

तिथे उभ्या उभ्या मला पहिल्यांदा कळलं की दोन्ही एकाच खुंटीला होतं. हिला ते आधीपासून माहीत होतं. रिक्षात तिने एवढंच विचारलं, "अहो, त्या मुलीला तुम्ही काय सांगितलं होतं?"

"लाइनीचा आकडा."

ती बाहेर बघत बसली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी खिडक्या फिरायला लागलो. आधी राशनवाला. तो म्हणाला, वॉर्ड ऑफिसात जा, आणि आय कम लिखवाना, म्हणजे कमाई कमी लिहून घ्या. म्हटलं, किती कमी? तो म्हणाला, "दस के नीचे रखो।" वॉर्ड ऑफिसात बाबू म्हणाला, असं तोंडी नाही, आयचा दाखला आणा. म्हटलं, दाखल्यात किती असलं पाहिजे? तो म्हणाला, "महीने का नहीं, साल का देखते हैं।" सालाचं कोणाला माहीत? माझं काम तर दिवसाचं पण सारखं नसतं. सोमवारी बावीस पार्सलं, मंगळवारी सहा. मग दाखल्याचे फॉर्म भरायचं दुकान. तिथली बाई भली, काकाजी काकाजी करते, पण तिने पण तेच केलं. बोटं मशीनवर ठेवून बसली आणि म्हणाली, "काकाजी, आय कितनी लिखूँ?"

"कितनी चाहिए?"

"वो तो आप बताओगे न।"

"अरे, पण गरीब असायला किती कमवावं लागतं ते तर सांगा."

ती मराठी समजते, हसली. म्हणाली, नियम बदलते रहते हैं. शेजारी फॉर्म भरायला बसलेला एकजण म्हणाला, मोटरसायकल असली की पर्ची कटते. दुसरा म्हणाला, फ्रिज असलं की कटते. माझ्याकडे फ्रिज आहे, मुलीने दिलेलं, दार नीट लागत नाही. मी विचारलं, दार नीट लागत नसलं तर पण कटतं? ते त्याला माहीत नव्हतं.

बाई म्हणाली, कंपनीकडून पगाराचा कागद आणा, म्हणजे झगडाच नको. गोदामात गेलो. सांभाळणाऱ्याने कपाळाला हात लावला. "दादा, पगार हो तो कागज हो। आप नौकर थोड़े ही हो कंपनी के।" मी म्हटलं, मग हा टी-शर्ट? तो म्हणाला, तो वापसीवर आहे, काम सोडलं की जमा करायचा. मला ते पण माहीत नव्हतं. वर्षभर मी तो साबण लावून जपत होतो.

आता मी काय केलं ते ऐका. मी ठरवलं की भानगड सगळी कमाईची आहे तर कमाईच कमी करायची. दहाच्या खाली म्हणाले ना, तर मी पार खाली जातो. तशी माझी कमाई कधी दहापर्यंत गेलीच नव्हती, पण तेव्हा डोक्यात तेवढा हिशेब बसला नाही. भीती अशी बसली की एक पार्सल जास्त झालं आणि मशीनने बघितलं तर हिचं ऑपरेशन जाईल. मी अर्धी पिशवी घ्यायला लागलो. सांभाळणारा म्हणाला, "तबियत?" मी म्हटलं, तबियत ठीक आहे, कमवायचं नाही. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याला शिवी दिली. चार दिवसांनी त्याने सांगितलं की असं केलं तर आयडी सुस्त होते, फोन मग पार्सलंच देत नाही. आणि तसंच झालं. मी अर्धं सोडलं होतं, फोनने उरलेलं अर्धं काढून घेतलं. त्या आठवड्यात रोज तीन, कधी चार. हिच्या गोळ्या निघाल्या नाहीत त्यात. गोळ्यांचे पैसे मुलीने पाठवले, मी फोन कानाला लावून "हो हो" म्हटलं आणि सायकल पुसत बसलो.

आणि मग वॉर्ड ऑफिसातल्याच दुसऱ्या खिडकीवरच्या बाईने नवीनच सांगितलं. म्हणाली, अहो काका, पार्सल वाटणाऱ्यांना तर मजुराचं वेगळं कार्ड मिळू शकतं, त्यावरही पर्ची बनते. मराठीच होती ती, महूची. मला हायसं वाटलं. म्हटलं, काय लागेल? म्हणाली, तुम्ही हे काम नेहमी करता याचा पुरावा. फोनमध्ये दाखवा की रोज पार्सलं आहेत. मी फोन काढला. गेल्या आठवड्याची तीन, चार, तीन, तीन. ती म्हणाली, "हे तर फार कमी आहे हो. इतकं कमी का?"

तिला काय सांगू? एका खिडकीला मी जास्त कमावतो म्हणून नको होतो, दुसरीला कमी काम करतो म्हणून. दोन खिडक्यांच्या मध्ये हातभर भिंत होती. मी तिथेच बाकावर बसलो, पाणी प्यायलो. वाटलं, दोघांना एकाच खिडकीत बसवलं तर काहीतरी निघेल. पण तसं सांगणार कोणाला? तेवढ्यात त्या महूवाल्या बाईनेच मला परत बोलावलं. म्हणाली, "काका, तुमची तारीख जवळ आहे, हे मजुराचं राहू द्या. पंचनाम्याचा अर्ज द्या. आमचा माणूस घरी येईल, दोन शेजारी सही करतील की यांची आय इतकी आहे, सर्वेत चुकून जास्त लिहिलं गेलं. तेवढ्याने होतं."

"शेजारी?"

"शेजारीच. ते रोज बघतात ना तुम्हाला."

साठ वर्षं ज्यांच्यासमोर मी मान वर करून राहिलो त्यांच्याकडे कागद घेऊन जायचं, की मी गरीब आहे असं लिहून द्या. शिवाय आकडा माझ्या तोंडचा. रंगपंचमीला अठरा म्हणणारा मीच. मी सही मागणार म्हणजे लाइनीचा आकडा खोटा आहे असं लाइनीच्याच सहीने लिहून सरकारला देणार. मला त्या दिवशी खरंच असं वाटलं की माझ्यामुळे सगळ्यांच्या पर्च्या, मुलांची लग्नं, सगळं धोक्यात येईल. दोन दिवस मी कोणाकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी ही रात्रभर जागी होती आणि सकाळी मला न सांगता तिने पलंगाखालची पेटी ओढून हॉस्पिटलला न्यायच्या दोन साड्या काढून ठेवल्या होत्या. कार्ड बंद, आणि ही साड्या काढते. मी कागद उचलला आणि समोर गेलो.

समोरचा ओट्यावर दाढी करत होता. आरसा खिडकीत, तोंडाला फेस.

"बोल भिया."

मी कागद पुढे केला. म्हटलं, "सही पाहिजे."

त्याने वाचला. ओठ हलवत वाचतो तो. वाचून झाल्यावर म्हणाला, "आय किती टाकायची?"

"खरी."

"मग टाक ना. त्यात काय?"

"त्यात काय म्हणजे? लाइनीचा आकडा अठरा आहे. तू सही केलीस तर उद्या तुला विचारतील, तुझा किती. मग?"

त्याने वस्तरा पाण्यात बुडवला. "माझा सहा लिहिलेला आहे."

"कुठे?"

"त्या सर्वेवालीकडे. मी तर तिला बोटंच दाखवली होती. पाणी द्यायला गेलो ना, तेव्हाच." त्याने एक हात पूर्ण उघडून दुसऱ्याचा अंगठा दाखवला. "बाजूवाल्याने पाच लिहिलं. कोपऱ्यावरच्या वहिनीने तर काहीच नाही म्हणून लिहिलं."

"पण रंगपंचमीला तर..."

"अरे, ते सोयरिकीसाठी! सरकारला कोण सांगतं अठरा? तू बी ना!"

 मग मी म्हटलं, "तू तिथेच होतास. मी अठरा म्हटलं तेव्हा तू कान खाजवत होतास."

"मग काय करू? सगळ्यांसमोर ओरडू, की हा फेकतोय?"

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुला? तुला कोण सांगणार? तू ऐकतोस का कोणाचं? मिल बंद पडली तेव्हा सगळ्यांनी हिशेब घेतला, तू तीन वर्षं म्हणत होतास की भोंगा वाजणार."

हे खरं होतं, पण त्या वेळी काढायची गरज नव्हती. मी कागद घेतला आणि निघालो. मागून तो ओरडला, "अरे थांब, सही तर घेऊन जा!" मी थांबलो नाही. घरात येऊन बसलो. ही कोथिंबीर निवडत होती, म्हणाली, केली सही? मी म्हटलं, "सगळ्यांनी खोटं सांगितलं." ती म्हणाली, "खरं सांगितलं म्हणा. खोटं तुम्ही सांगितलं." मी म्हटलं, "मी लाइनीचा..." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे."

म्हणजे तिला पण माहीत होतं. लाइनीतल्या सगळ्यांना माहीत होतं की आकडा कुठे सांगायचा आणि कुठे नाही. हे कधी ठरलं? कोणत्या रंगपंचमीला? मी तर एकही चुकवली नाही. मी अजून आठवून बघतो आणि मला ती बैठक सापडत नाही.

ऑपरेशनला सहा दिवस राहिले होते तेव्हा ऑफिसचा माणूस आला. परत कडुनिंबाखाली तीच खुर्ची. समोरचा न बोलावता येऊन उभा राहिला, बाजूवाला पण. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माणसाने कागद पसरला आणि म्हणाला, "हाँ बाबूजी, बताइए। महीने की आय?"

दारादारात बायका होत्या. दूधवाला थांबला होता. मला वाटलं बोटं दाखवावीत, समोरच्यासारखी. पण मला ते जमणार नव्हतं. मी ज्या आवाजात अठरा म्हटलं होतं त्याच आवाजात म्हटलं, "पाँच हजार आठ सौ।"

तो लिहिणार, तेवढ्यात आतून ही बोलली. पोट धरून दारापर्यंत आलेली. "कुठले पाच हजार आठशे? ते दिवाळीचे. गेल्या महिन्यात चार हजार दोनशे आले."

"मागच्या महिन्यात मी मुद्दाम कमी..."

"आले किती ते सांगा ना त्यांना!"

कोपऱ्यावरची वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मग सगळेच हसले, दूधवाला पण. समोरचा म्हणाला, "लिखो साब, भाभी ने बोला वो लिखो। ये तो आदत से ज़्यादा बोलते हैं।" मी त्याला म्हटलं, तू दाढी अर्धी ठेवून आला आहेस. खरंच अर्धी होती. त्याने गालावर हात फिरवला आणि सही केली. बाजूवाल्याने केली. शेवटी मी केली, आणि ऑफिसच्या माणसाने सही बघून वर बघितलं.

आता इथे गोष्ट सरळ व्हायला पाहिजे होती. झाली नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कार्ड तसंच. काउंटरवरची बाई म्हणाली, प्रक्रिया में है. म्हटलं, कुठे आहे ती प्रक्रिया, मी जाऊन येतो. ती म्हणाली, असं जाता येत नाही. तारीख पुढच्या मंगळवारावर गेली. साड्या परत पेटीत. मी वॉर्ड ऑफिसात गेलो तर बाबू म्हणाला, आमच्याकडून गेलं. फॉर्मवाल्या बाईने मशीन बघून सांगितलं, आलेलंच नाही. महूवाली बाई सुट्टीवर होती. मी सगळ्यांना पंचनाम्याची पोच दाखवली, सगळे म्हणाले बरोबर आहे. बरोबर आहे पण चालू नाही.

त्या पाच दिवसांत मी पार्सलं घेऊ की नको हेही कळेना. घेतली तर आय वाढेल, नाही घेतली तर मजुरीचा पुरावा जाईल, आणि कोणता कागद शेवटी कामी येणार ते कोणीच सांगत नव्हतं. मी एक दिवस घेतली, एक दिवस नाही. सांभाळणाऱ्याने हात जोडले. "दादा, आप एक बात तय कर लो।" मीही तेच म्हणत होतो, पण सगळ्यांना.

सोमवारी दुपारी हिने मला फोन दिला, म्हणाली, मेसेज आहे, वाचा. हिंदीत होता. पर्ची चालू. कोणी केली, कोणत्या कागदावर केली, पंचनाम्यावर की दाखल्यावर की अशीच आपोआप, काही लिहिलेलं नव्हतं. मी समोर जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बघ, माझी सही!" कदाचित असेलही.

मंगळवारी काउंटरवर कार्ड चाललं. बाईने फाइल दिली, हिला हिरवा गाउन दिला. हिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, एक अडकत होती ती साबणाने काढली. स्ट्रेचरवर निजली तेव्हा एकदम लहान दिसली. तेवढ्यात माझा फोन वाजला, गोदामाचा. सणाचा माल आला होता, म्हणाला, दादा, रोज चाळीस पार्सलं देतो, या. चाळीस मला एका दिवसात कधी मिळाली नव्हती. मी हो म्हणू की नाही? चाळीस रोज म्हणजे महिन्याचे किती, आणि पर्ची चालू होऊन एकच दिवस झालेला. मी फोनवर हात ठेवून उभा राहिलो. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, किती कमवायचं हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं, तसा मी बाजूने चालायला लागलो.

"अगं," म्हटलं, "चाळीस देतो म्हणतो रोज. किती घेऊ?"

तिने डोळे उघडले. "आधी मला आत तर जाऊ द्या."

आणि तिला आत नेलं.